म्होरक्या मेल्याबिगर

सातारा, सोमवार, ७ सप्टेंबर १९९८

आज रुजू झालो. सकाळी सहाच्या गाडीने सांगली सोडली, कराडच्या स्थानकावर चहा घेतला आणि साडेनऊला औद्योगिक वसाहतीतल्या दूध संघाच्या फाटकाशी उभा राहिलो. फाटकावर एक निवृत्त सुभेदार असतात. त्यांनी माझी पिशवी उघडून पाहिली. आत लोकरीची बंडी, बायकोने, चारुशीलेने, भरून दिलेला मेतकुटाचा डबा, पळी-पंचपात्र आणि संगणकाच्या जाळ्यांवरचा विटेएवढा जाड इंग्रजी ग्रंथ. पूजा सांगायला आलात की यंत्र दुरुस्त करायला, असं त्यांनी विचारलं. सत्तेचाळीस वर्षांत हे मलाच नीट ठरवता आलेलं नाही, तर त्यांना काय सांगणार? लहानपणी वाईच्या पाठशाळेत तात्यांच्या हाताखाली सात वर्षं संहिता घोकली, मग सांगलीला अभियंता झालो, मधे काही काळ एका दैनिकाचा अर्धवेळ वार्ताहर होतो. एकूण, धड ना हे धड ना ते, पण पगार बरा आहे.

जागा प्रसन्न आहे. संघाच्या प्रत्येक केंद्राहून एकेक टेलिफोनची तार आमच्या खोलीत येते: म्हसवड, कराड, वाई आणि आता माझी सांगली. प्रत्येक तारेच्या टोकाला एक राउटर. राउटर म्हणजे आलेली माहिती योग्य वाटेला लावणारी पेटी. टपाल कचेरीतल्या छाननी कारकुनाचं काम, फक्त पानसुपारीशिवाय. चार पेट्या, चार माणसं. म्हसवडच्या पेटीवर सोपान, लष्कराच्या सिग्नल पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार. कराडच्या पेटीवर कृष्णात, तिशीचा, सदा हसरा. वाईच्या पेटीवर स्वप्ना, नुकतीच शिकून आलेली, बोलते कमी. मला पाहताच सोपानने सगळ्यांना सांगितलं की आवं, हे शास्त्रीबुवा हायेत, ह्यांच्यापुढं जपून बोला. पहिल्या दिवशीच उपाधी मिळाली.

भूक उत्तम. खोलीला एकच खिडकी आहे, तिच्यातून अजिंक्यतारा दिसतो. खिडकीजवळ एक चांगली खुर्ची आहे. तिच्यात सोपान बसतो.

बुधवार, ९ सप्टेंबर

खुर्चीचा उलगडा झाला, आणि तो इतका गमतीचा आहे की लिहून ठेवतो.

चार पेट्या एकाच जाळ्यात आहेत. प्रत्येकीने प्रत्येकीला रस्त्यांच्या बातम्या सांगायच्या तर सहा जोड्यांची बडबड होते; पेट्या वाढल्या की लग्नघरासारखा कालवा. म्हणून त्या आपल्यातून एक प्रमुख निवडतात. सगळ्यांनी त्यालाच सांगायचं आणि त्याने सगळ्यांना. त्याच्या मागे एक राखीव प्रमुख. सोपान त्यांना म्होरक्या आणि उपम्होरक्या म्हणतो. ग्रंथातल्या इंग्रजी नावांपेक्षा हे मला जास्त शास्त्रशुद्ध वाटतं.

प्रत्येक पेटी दर दहा सेकंदांनी बाकीच्यांना हॅलो म्हणते. मी आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोणाचं हॅलो चाळीस सेकंद आलं नाही की बाकीच्या पेट्या तिला मेलेली धरतात. रडत नाहीत, सुतक पाळत नाहीत. उपम्होरक्या त्याच क्षणी म्होरक्या होतो.

आणि या खोलीत एक रिवाज आहे. ज्याची पेटी म्होरक्या, तो माणूस खिडकीच्या खुर्चीत बसतो, हजेरीपटावर पहिली सही करतो आणि अध्यक्ष नानासोंचा थेट फोन उचलतो. सोपानने दोन वर्षांपूर्वी गमतीत सुरू केलं, नानासोंना आवडलं, आता तोच कायदा. मी मनसोक्त हसलो. मग चौथ्या ओळीवर सही केली.

सोमवार, १४ सप्टेंबर

माझी पेटी आज जाळ्यात जोडली. कबूल करायला हरकत नाही, मी तयारी केली होती. निवडणुकीत प्रत्येक पेटीला पसंतीचा एक आकडा देता येतो, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. मोठा आकडा जिंकतो. सोपान आणि कृष्णात दोघांचाही एक. स्वप्नाचा शून्य, म्हणजे उमेदवारीच नाही. कारण विचारलं तर म्हणाली, खिडकीतून ऊन येतं. मी माझ्या पेटीला दोनशे पंचावन्न दिले आणि रुमालाने चष्मा पुसत संगणकाच्या पडद्याकडे पाहत बसलो.

काही झालं नाही. म्होरक्या सोपान, उपम्होरक्या कृष्णात, माझी पेटी इतरांत.

सोपान मागे उभा होता. त्याला सगळं कळलं होतं, पण चिडला नाही. उलट प्रेमाने समजावलं, आणि तेच जास्त लागलं. म्हणाला, शास्त्रीबुवा, आदी बसला त्यो बसला. मागनं कितीबी मोठा आला तरी त्यानं सतरंजीवरच बसायचं. म्होरक्या मेल्याबिगर निवडणूक न्हाई. कृष्णातने भर घातली की आन् त्यो मेला तर आमी हावोत की, तुमी तिसरं.

ग्रंथ उघडून पाहिला. पान दोनशे सत्तरवर हेच लिहिलंय. हवालदाराला जे पाठ होतं ते मी वाचलं नव्हतं.

मंगळवार, २२ सप्टेंबर

सोपानविषयी तक्रार करण्यासारखं काही सापडत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. तार तुटली की आवाजावरून ओळखतो. म्हसवडहून येताना सगळ्यांना सिद्धनाथाचा प्रसाद आणतो. नानासो फोनवर त्याला सोपानराव म्हणतात. मला परवा त्यांनी ते सांगलीचे भटजी म्हटलं. दुपारी किल्ल्यावर ऊन येतं तेव्हा तो खुर्ची मागे रेलून डोळे मिटतो. मी ट्यूबलाइटखाली, पाठीला दार.

चारुशीलेला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, तुम्हांला पंगतीत नेहमी शेजारच्या पानातली जिलबी मोठी दिसते. मी म्हटलं, पण ती खरंच मोठी असते.

बुधवार, ३० सप्टेंबर, खंडेनवमी

आज यंत्रपूजा. पेट्यांना झेंडू, हळदकुंकू, समोर नारळ. सोपानने मला पुढे बोलावलं की शास्त्रीबुवा असताना आमी नुसती फुलं का वाहायची, कायतरी खणखणीत म्हणा. खोलीत पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे पाहत होते. मला चढली.

गंमत म्हणून मी प्राणप्रतिष्ठा सांगितली. मूर्तीत जीव आणण्याचा तो विधी असतो. ज्याने त्याने आपल्या पेटीवर उजवा हात ठेवायचा, मी मंत्र म्हणणार: याचे प्राण इथे, याचा जीव इथे, याची वाणी, डोळे, कान इथे येऊन राहोत. मंत्रात देवतेचं नाव घ्यायचं असतं. ते गाळून मी माणसांची नावं घातली. सोपान. कृष्णात. माझं नाव जरा मोठ्याने घेतलं, आणि संकल्पात मनातल्या मनात खुर्चीही मागितली. यजमानाला कामना धरावीच लागते. कृष्णात हसून लोळायच्या बेतात होता. सोपान मात्र गंभीर होता, देवळात असतो तसा.

स्वप्नाने हात ठेवला नाही. तिच्या घरी आजोबांपासून बौद्ध धम्म. नम्रपणे म्हणाली, सर, आमच्यात हे नसतं, मी नारळ फोडते. फोडला, खोबरंही खाल्लं.

स्वर चांगला लागला होता. तात्यांनी ऐकायला हवा होता. नंतर वाटलं, नकोच.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

उद्या नानासो येणार आहेत. खुर्चीत जो असेल त्याला विभागप्रमुख म्हणून कायमचं नेमणार, वर्तमानपत्रात फोटो देणार. सोपान बाजरीच्या काढणीसाठी गावी गेलाय, उद्या सकाळी परत येईल.

जेवणाच्या सुट्टीत खोलीत मी एकटा होतो. हिशेब साधा होता: एकाला बसायचं तर दोघांना उठवायला हवं. एक वाजून दहा मिनिटांनी मी सोपानच्या पेटीची वीज काढली. माझ्या पडद्यावर तिचा काळ उतरत गेला. चाळीस, तीस, वीस. शून्याला तिचं नाव पुसलं गेलं. कृष्णात म्होरक्या, मी उपम्होरक्या. आता कृष्णातच्या वायरीला हात घालणार, तोच पारूबाई केरसुणी घेऊन आत आल्या आणि भटजीबाबा, पाय वर घ्या म्हणाल्या.

सोपानची वीज परत जोडली. त्याची पेटी उठली, मुकाट्याने शेवटी जाऊन बसली. गेलेलं पद परत मागत नाहीत या पेट्या. उद्या सोपान येईल आणि कृष्णातला खुर्चीत पाहील. ते तोंड मला पाहायचंय.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

सोपान वारला.

सकाळी त्याचा भाऊ धुळा याचा फोन आला. काल दुपारी शेतातून येऊन भाकरी खायला बसला होता. घास हातात असताना थांबला आणि विचारलं, ऐकू येतंय का? घरच्यांनी सांगितलं, येतंय की, काय झालं? त्याने थोडं थांबून परत तेच विचारलं. धुळा म्हणाला, आमी कानाशी जाऊन वरडलो, पर त्येला आमचं काय बी पोचत नव्हतं. असं चार वेळा विचारलं. मग पाटावरच कलंडला.

वेळ मी विचारली नाही. धुळ्याने आपणहून सांगितली. एकची गाडी गेल्यावर, धा-बारा मिनिटांत.

नानासोंची भेट रद्द. कृष्णात रडत रडत खुर्चीत बसला. पण बसला.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

योगायोग. माणसं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जातात, उन्हातून येऊन जातात. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसला आणि फळ पडलं. फळाला कावळ्याचं ओझं झालं नव्हतं.

कृष्णात चांगला मुलगा आहे. अक्षर वाईट आहे, इंग्रजी त्याहून. हजेरीपटाच्या पहिल्या ओळीत ती वेडीवाकडी सही. काल नानासोंनी त्याला कृष्णातराव म्हटलं. तीस वर्षांच्या पोराला.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

मला खात्री करून घ्यायची होती. एवढंच होतं असं मी लिहितो आहे.

सकाळी अकरा. कृष्णात खुर्चीत बसून कोणाला तरी दिवाळीच्या फटाक्यांचं सांगत होता. मी पेट्यांच्या मागे गेलो, त्याची वीज काढली आणि घड्याळ पाहिलं. दहाव्या सेकंदाला तो बोलायचा थांबला. पंधराव्याला त्याने कानात करंगळी घातली. मग मान वळवून, माझ्याकडे नाही, भिंतीकडे, विचारलं, ऐकू येतंय का रं? विसाव्याला परत. ओठ निळसर. पंचविसाव्याला मी वीज जोडली. तोवर पेटी उठायला काही सेकंद लागतात हे विसरलो होतो. सदतीस. अडतिसाव्याला तिचं हॅलो आलं.

त्याने लांब श्वास घेतला, पाणी मागितलं. मी दिलं. तो म्हणाला, शास्त्रीबुवा, कानात दडा बसल्यागत झालं बगा.

स्वप्नाची पेटी याच महिन्याच्या तीन तारखेला पाच मिनिटं बंद होती. तेव्हा ती बाहेर उभी राहून वडापाव खात होती. तिला काही झालं नाही. तिने हात ठेवला नव्हता.

फळाला ओझं झालं होतं.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

दिवाळी होऊन आलो. सांगलीला चारुशीला म्हणाली, तुम्ही दर थोड्या वेळाने हं हं म्हणता, कोणाला हं म्हणता? मला माहीत नव्हतं मी म्हणतो ते.

आज नानासो आले. कृष्णातला विभागप्रमुख नेमलं. हार, पेढे, फोटो. फोटोत मी कडेला, अर्धा. कृष्णातने माझ्या पाया पडून पहिला पेढा माझ्या तोंडात घातला. चांगल्या दुधाचा होता.

मी वेद घोकले. मी ग्रंथ वाचले. माझा आकडा दोनशे पंचावन्न.

मंगळवार, २७ ऑक्टोबर

कृष्णातच्या पेटीचा प्लग सैल झालाय. मी तो तेव्हा घाईत बसवला त्यामुळे असेल. जरा धक्का लागला तर निघेल. पारूबाई रोज एक वाजता तिथे केर काढतात.

सांगायला हवं. उद्या सांगतो.

बुधवार, २८

राहिलं.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

मी वायर काढली नाही. हे कुठेही लिहायचं झालं तर असंच लिहावं. माझा हात लागला नाही.

केरसुणीचा दांडा लागला. प्लग खाली पडला. पारूबाई पुढे निघून गेल्या. कृष्णात खिडकीत बसून फोनवर बोलत होता. मी प्लगपासून दोन पावलांवर. दोन. माझ्या पडद्यावर त्याचा काळ उतरू लागला.

तो फोनमध्ये म्हणाला, ऐकू येतंय का? मला वाटलं, फोनलाच म्हणतोय. मी स्वतःला तसं वाटू दिलं. मग त्याने फोन खाली ठेवला आणि परत म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं. तोंड हललं. डोळ्यांत काय होतं ते मी लिहिणार नाही. तीस सेकंद झाले होते. वीज जोडून आता उपयोग नाही, पेटी उठायला बारा लागतात, असा मी हिशेब करत होतो. हिशेब बरोबर होता. तीसला केला, म्हणून बरोबर होता.

डॉक्टरांनी हृदय म्हटलं.

माझी पेटी म्होरक्या.

सोमवार, २ नोव्हेंबर

पहिल्या ओळीवर सही केली. अक्षर चांगलं आलं. खुर्ची गुबगुबीत आहे. किल्ला दिसतो. नानासो फोनवर शास्त्रीजी म्हणाले.

दुपारी उपम्होरक्या कोण झाला ते पाहिलं. स्वप्नाचा शून्य, ती नाही. कृष्णातची पेटी नंतर उठली, तिला उशीर झाला. तेव्हा जागेवर एकच उमेदवार उरला होता.

सोपान.

त्याच्या पेटीवर अजून खंडेनवमीचं कुंकू आहे. ती कोणी बंद केली नाही, म्हसवडचं दूध थांबतं. दर दहा सेकंदांनी हॅलो येतं. एकदाही चुकत नाही. माझ्यामागे तो उभा आहे, आणि उपम्होरक्याला काम एकच असतं. माझा श्वास ऐकत राहणं.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

माझी तार जरा खरखरली. सहा सेकंद. नानासो फोनवर बोलत होते आणि एकदम बोलेनासे झाले. खोलीतला पंखाही, रस्त्यावरचे ट्रकही. सगळं होतं, फक्त कोणालाच आवाज नव्हता. मी विचारलं, ऐकू येतंय का?

स्वप्ना पळत आली. तार दाबून बसवली. आवाज परत आले. ती म्हणाली, सर, तुम्हीपण? सोपान सरांच्या भावाने सांगितलेलं तिला आठवत होतं.

रविवार, ८ नोव्हेंबर, वाई

तात्यांकडे गेलो. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, घाटावर उन्हात बसले होते. सगळं सांगितलं. प्लगचंही सांगितलं. त्यांनी मांडीवरचा पंचा घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, तुला तेव्हाही पाठ पहिल्यांदा म्हणून दाखवायचं असायचं, अर्थ मागाहून विचारायचास.

मी उपाय विचारला. म्हणाले, प्रतिष्ठा केलीस तर उत्तरपूजा करून विसर्जन करायचं. अक्षता टाकून होत नाही. ज्या कामनेने केलीस ती स्वतःच्या हाताने सोडायची, ज्याच्याकडून घेतलीस त्याला द्यायची, आणि न मम म्हणायचं. माझं नाही. आधी तोंडाने नको, आधी मनाने. मग पेटी विझली तरी तुझं काही जाणार नाही.

एवढंच का, असं मी विचारलं. ते म्हणाले, एवढंच.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

नानासोंचा हुकूम आला आहे. नव्या बॅटऱ्या बसवायच्या. मंगळवारी सतरा तारखेला सकाळी अकरा वाजता सगळ्या खोलीची वीज पंधरा मिनिटं बंद.

पंधरा मिनिटं.

स्वप्नाला सगळं सांगितलं. ती हसली नाही, विश्वासही ठेवला नाही. म्हणाली, सर, सुट्टी घ्या. मग मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की तुमच्या पेटीला शून्य लिहा, पद तिथल्या तिथे सुटेल. सोपान सरांची पेटी घेईल. एक अंक तर आहे.

एक अंक.

शनिवार, १४

पेटी घरी न्यावी? तार काढली तर ती बोलणार कोणाशी. प्रश्न विजेचा नाही, ऐकणाऱ्याचा आहे.

पळून जावं? सोपान म्हसवडला होता. ऐंशी किलोमीटर —

मग शून्य लिहायचं. सोमवारी लिहितो. ठरलं.

सोमवार, १६

लिहायला बसलो. न मम म्हटलं. तोंडाने आलं.

मग वाटलं, उद्या हजेरीपटावर काय. मेलेला माणूस सही करणार नाही, पण पहिली ओळ त्याच्यासाठी मोकळी ठेवतील. स्वप्ना ठेवेल. नानासो म्हणतील, सोपानरावांची पेटी अजून — आणि मी दुसऱ्या ओळीवर. मेलेल्याच्या खाली.

तो जिवंत असतानाही त्याला काही करावं लागलं नाही. आता तर तो नाहीच, तरीही —

उद्या सकाळी. नक्की. अकराला बराच वेळ असतो.

मंगळवार, १७ नोव्हेंबर, सकाळी १०.३५

खोलीत लख्ख ऊन आहे. बॅटरीवाले आलेत. स्वप्ना मुख्य बटणाशी उभी आहे. म्हणाली, सर, तुमचं होईपर्यंत थांबते, पण अकराच्या पुढे नाही, केंद्रांना कळवलंय.

पडदा समोर आहे. आज्ञा लिहून झाली. शेवटचा अंक बाकी.

१०.४४

सोपानचं हॅलो येतंय. दहा सेकंदांनी. दहा सेकंदांनी. घाई नाही त्याला.

१०.५१

बोट शून्यावर ठेवलं. मन तपासलं, तात्या म्हणाले तसं. देतो. खरंच देतो. घे बाबा. तुझंच होतं. मला घरी जायचंय, चारुशीलेला —

वळून खिडकीकडे पाहिलं.

१०.५५

खुर्ची मागे रेललेली आहे. मी तिला सरळ ठेवून उठलो होतो. गादी दबलेली. उन्हात बसलाय. डोळे मिटून, जसा —

मी अजून शून्य लिहिलेलं नाही. अजून माझी आहे ती. अजून मी म्होरक्या आहे. दिल्याशिवाय बसला कसा —

१०.५८

स्वप्ना काहीतरी म्हणते आहे. बटणाकडे हात वर केलाय तिने.

बोट शून्यावर आहे. नुसतं दाबायचं. दाबतो. पण त्याने आधी उठायला हवं. मी देणार, मग त्याने घ्यायचं, अशी रीत आहे. एकदा उठ. एकदा मला तिथे बसून तुला देऊ दे. एवढं उठलास की लगेच मी —